काकांचं आधार, काकांची बोटं आणि सिंगापूरची क्रूझ

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा क्रूझला पाठवत असाल, तर पॅकेज बघायच्या आधी त्यांचं आधार कार्ड काढा आणि जन्मतारीख वाचा. आमचा अख्खा उन्हाळा त्या एका ओळीपायी गेला.

क्रूझ सिंगापूरहून सुटणारी, म्हणजे पासपोर्ट आलाच. काकूंचा लगेच झाला. काकांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर 12 ऑगस्ट 1952, आणि आधारवर 1 जानेवारी 1950. ज्यांनी आधार काढताना जन्माचा कागद दाखवला नाही, त्यांचं वय अंदाजानं लिहून घेतलं गेलं आणि तारीख पडली 1 जानेवारी. तुमच्याही घरात असं कोणी निघेल. दोन कागद, दोन तारखा. आधी आधार दुरुस्त करणं भाग होतं.

मग सुरू झाले आधार केंद्राचे खेटे. नागपूरचा मे महिना. टोकन सकाळी वाटतात म्हणून काका काटोलहून पहिल्या एसटीनं यायचे. बसायला खुर्ची नाही, प्यायला पाणी नाही. कधी सर्व्हर डाऊन, कधी सर्टिफिकेटवरचं पुसट झालंय म्हणून परत. ते सगळं पार पडलं तर बोटं अडली. जन्मभर संत्र्याच्या बगीच्यात राबलेला हात, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. ऑपरेटर त्यांचं बोट धरून काचेवर दाबायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, पुन्हा दाबायचा, आणि स्क्रीनवर लाल खूण यायची. "बोटं येत नाहीत काका, उद्या या." रात्रीतून रेषा उगवत नाहीत हे त्यालाही कळत होतं, तरी उद्या या. काका काही न बोलता हात पायजम्याला पुसत बाजूला व्हायचे. काम अडल्यापेक्षा मला त्याचाच जास्त संताप आला. ज्या हातांनी आमची शिक्षणं झाली, ते हात चारचौघांत असे नाकारले जात होते.

शेवटी मी 1947 या आधारच्या हेल्पलाइनला फोन लावला. डोळ्यांच्या स्कॅनवरूनही ओळख पटवता येते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोळ्यांचं मशीन त्याच टेबलावर होतं, प्लास्टिकच्या कव्हरात! मी तिथंच उभी राहिले, कव्हर काढायला लावलं, आणि काम जागच्या जागी झालं. म्हणून सांगते, बोटं येत नसतील तर घरी परतू नका, डोळ्यांचं स्कॅन मागा. आणि हो, जन्मतारीख आधारमध्ये एकदाच बदलून मिळते. सही करण्याआधी पावतीवरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग चष्मा लावून वाचा.

पुढचं सगळं भराभर झालं. साठीच्या वरच्यांना पासपोर्टच्या फीत 10 टक्के सूट आहे. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघून घ्या, कारण जहाज फिरून पुन्हा तिथंच येतं.

धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. मळमळीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी गुंगी येते, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी तुंबू शकते. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली की हेलकावे कमी जाणवतात. बुकिंगच्या वेळीच तशी मागा.

बंदरावर दिलेली मोठी बॅग खोलीत पोचायला कित्येक तास लागतात. बीपीच्या गोळ्या, पासपोर्ट, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच हवा. इस्त्री किंवा चहाची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, काढून घेतात. इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नका. जहाजावरचा दवाखाना फार महाग पडतो आणि क्लेम नेमका त्यावरूनच नाकारतात. जहाजावर चढल्यावर सुरक्षेची ड्रिल सगळ्यांना सक्तीची असते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भोंगा ऐकून घाबरतात. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायला घरीच शिकवा.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक राहिलंच. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. कुठल्या थांब्यावर असं आहे ते एजंटकडून लिहून घ्या. आणि खोल्यांची दारं बहुतेक लोखंडी असतात, बोळातली सगळी सारखीच दिसतात. काकूंनी घरच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट नेला आणि दारावर लावला. काकांना एकदाही खोली शोधावी लागली नाही.