आमची वाटचाल : हळदीचा रंग आणि जुना कॅमेरा

१९९७ च्या दसऱ्याला सांगलीत मारुती रोडवर आमच्या स्टुडिओचं शटर पहिल्यांदा वर गेलं. भांडवल म्हणजे एक निकॉन एफएम१०, ५० एमएमची लेन्स, व्हिविटारचा २८३ फ्लॅश, उजेड पसरवायच्या दोन छत्र्या आणि मावसभावाने विश्वासाने घातलेले पैसे. लग्नाला ३६ चे चार रोल, म्हणजे १४४ फोटो, त्यातच सगळं बसवायचं. शेवटच्या मंगलाष्टकेला माझा कान फ्लॅशकडे असायचा. चार्ज होताना त्याची बारीक शीळ वाजते, ती चढत जाऊन थांबली की फ्लॅश तयार. अक्षता पडायच्या आणि शीळ थांबायची वेळ जुळवणं हीच त्या काळातली कारागिरी होती.

१९९९ साली आबा आले. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. थोरल्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर दिली, अल्बम झाल्यावर गादीवर बसून एकेक पान बघितलं आणि हळदीच्या फोटोवर बोट ठेवलं. "पोरा, ही आपली राजापुरी न्हवं. एवढी तांबडी कशी?" मांडवात साधे पिवळे बल्ब होते आणि माझा रोल दिवसाच्या उजेडाचा, त्यावर बल्बचा उजेड तांबूस उमटतो. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण त्या माणसाने जन्मभर हळकुंडं मोडून आतला रंग पारखलेला. मी लॅबमध्ये मशीनवाल्याशेजारी बसून रंग दुरुस्त करून घेतला आणि आठ प्रिंट स्वतःच्या खर्चाने बदलून दिले. त्या घरची सात लग्नं मी केली आहेत.

पुढची वर्षं बरी गेली. २००९ ला निकॉनचा डिजिटल कॅमेरा डी९० आला, २०१५ ला त्याच्या वरचा डी७५०. मावसभावाचे पैसे व्याजासकट परत केले.

२०१६ साली आमच्या समोरच्या गाळ्यात नवीन स्टुडिओ आला. नाव घेत नाही, त्यांना आणि मलाही याच गावात राहायचंय. धंदा कुणीही करावा. पण पार्टी माझ्या पायरीवर असताना "त्यांचा कॅमेरा जुना झालाय, आमच्याकडे लेटेस्ट आहे" असं सांगून वळवून नेणं, ते मला लागलं आणि अजून लागतं. तोवर लोक आधी अल्बम मागायचे. त्यानंतर पहिला प्रश्न 'कॅमेरा कुठला?' असा सुरू झाला. एका पार्टीने तर बयाणा परत मागितला. मी मोजून दिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. स्टुडिओत डी७५०, तीन लेन्स, स्टुडिओ लाइट, कॉम्प्युटर आणि जुन्या निगेटिव्हचे डबे. पाणी ओसरल्यावर शटर उचकटलं तेव्हा लेन्स हलवली की आत पाणी डुचमळत होतं. विमा होता, पण पॉलिसीत पुराचं कलम नव्हतं. देताना 'सगळं कव्हर आहे' असं सांगितलं होतं. वाचलं ते एवढंच की आदल्या रविवारच्या बारशाची बॅग घरी विश्रामबागला राहिली होती. त्यात डी९० आणि ८५ एमएम, १.८ ची जुनी लेन्स.

त्यावर हळूहळू उभं राहता आलं असतं. मी मात्र समोरच्या बोर्डाकडे बघितलं. दिवाळीला साडेतीन लाखांचं कर्ज काढून नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, आणि दोन लेन्स घेतल्या. पहिल्याच मोठ्या लग्नात, विधीत आवाज नको म्हणून, सायलेंट शटर लावलं. हॉल सगळा एलईडीचा. रात्री फोटो उघडले तर वधूच्या चेहऱ्यावर, शालूवर, भिंतीवर आडवे पट्टे! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सायलेंट शटर चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतं, म्हणून प्रत्येक ओळीला उजेड कमीजास्त मिळतो. साधं मेकॅनिकल शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवलं असतं तर काही झालं नसतं. कॅमेरा निर्दोष होता, उजेड वाचायला मी विसरलो होतो. १९९९ ला आबांनी जे शिकवलं तेच.

मग मार्च २०२०. लग्नं बंद. हप्त्यांना बँकांनी सवलत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं. पासपोर्ट फोटोवर दुकानभाडंसुद्धा निघेना. सप्टेंबरात नवा कॅमेरा निम्म्या किमतीला विकला आणि बायकोच्या पाटल्या मोडून उरलेलं कर्ज मिटवलं. बोर्ड उतरवायला माणूस सांगून ठेवला होता.

तेवढ्यात आबांचा फोन. धाकट्याचं लग्न, ५० माणसांत, वाड्याच्या अंगणात. मी स्पष्ट सांगितलं, "आबा, माझ्याकडे अकरा वर्षांपूर्वीचा कॅमेरा आहे." ते म्हणाले, "मग माणूस किती वर्षांपूर्वीचा हाय?" मी गेलो. ८५ ची लेन्स फोकस धरताना कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या मोटरने कर्र वाजते, बाकी तक्रार नाही. सकाळचं कोवळं ऊन, हळद लावायच्या आधी करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे त्या उजेडात रंग खरे यावेत म्हणून कॅमेरा जुळवून घेतला. डी९० चा फोटो रुंदीला ४२८८ पिक्सेल. १२ बाय १८ च्या पानावर इंचाला २३८ पडतात, अल्बम हातात घेऊन बघणाऱ्याला ते पुरतात. आबांनी हळदीचं पान उलटताना बोट ठेवलं नाही. बोर्ड उतरवला नाही.

नवीन काही लागतच नाही असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या वरातीत कमी उजेडासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० च्या पुढे नेला की डी९० फोटोत दाणे टाकतो, म्हणून २०२१ ला सेकंडहँड डी७५० घेतला. त्याला दोन कार्डं बसतात, एक बिघडलं तरी दुसऱ्यावर फोटो राहतात. लग्न परत होत नाही, तेव्हा कार्डं दोन हवीतच, हे नव्या पोरांनी लिहून ठेवावं. आणि पैसे आलेच तर आधी लेन्स घ्या, मग लाइट, बॉडी शेवटी. फोटोग्राफीवर कर्ज काढायचंच असेल तर एका हंगामात फिटेल एवढंच काढा. पॉलिसी स्वतः वाचा. सामान जमिनीवर ठेवू नका, आमची कपाटं आता माळ्यावर आहेत.

समोरचे दरवर्षी बॉडी बदलतात. बदलोत.

१९९९ च्या त्याच थोरल्या मुलीच्या मुलीचं लग्न यंदा तुळशीच्या लग्नानंतर आहे. परवा आबा काठी टेकत बयाणा द्यायला आले. कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही. मांडवात बल्ब कुठले लावायचे एवढं विचारलं. मी म्हटलं, पांढरे लावा, सगळे एकाच कंपनीचे.