ऑटोमॅटिक काढून क्लच बसवला, त्याबद्दल

‘ऑटोमॅटिक गाडीला तुम्ही घरीच मॅन्युअल गिअरबॉक्स बसवलात म्हणे! जमतं का असं? आणि मुळात कशाला?’ शेजारच्या सीटवर नवा माणूस बसला आणि माझ्या डाव्या पायाकडे त्याचं लक्ष गेलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

‘कशाला’चं उत्तर थोडक्यात आटोपतं. गाडी जुनी, इंजिन ठणठणीत, पण ऑटोमॅटिक घसरायला लागला होता. थंड असेपर्यंत शहाण्यासारखा वागायचा. तापला की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही वेग घ्यायची नाही. तो उघडून दुरुस्त करणं हे त्यातल्या जाणकाराचं काम. व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या भागातल्या) त्या इवल्याशा गोळ्या आणि स्प्रिंगा घरच्या टेबलावर मांडायची माझी छाती नाही. हेच मॉडेल कंपनीने मॅन्युअलमध्येही विकलेलं होतं, म्हणजे लागणारा प्रत्येक भाग कुठे ना कुठे तयार होता. आणि खरं सांगायचं तर मला क्लच आवडतो. एवढी कारणं मला पुरली.

जमतं का? जमतं. पण लोकांना वाटतं गिअरबॉक्स बदलणं म्हणजेच सगळं काम. ती निव्वळ अंगमेहनत आहे. बाकीच्या गाडीला तो गिअरबॉक्स मान्य करायला लावणं, हे खरं काम.

म्हणून सुटे भाग गोळा करत बसू नका. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, शक्यतो त्याच सालची एखादी ठोकलेली मॅन्युअल गाडी आख्खी मिळवा. गिअरबॉक्स, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो), पेडलं, स्टार्टर, गिअर लिव्हर, ब्रॅकेट, वायरिंगचा तुकडा हे सगळं तिच्यात असतंच. शिवाय कुठला बोल्ट कुठे जातो हे सांगणारा नमुना डोळ्यांसमोर राहतो. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) तिचाच घ्या, कारण लांबी आणि दाते बऱ्याचदा जुळत नाहीत. डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांजवळच्या शेवटच्या गिअरांचं, प्रमाणही बघून ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला, तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटताना इंजिनाचा जोर वाढवून देतो, त्या भरवशावर काही ऑटोमॅटिकांना मागे उंच प्रमाण (वेगाला बरं, सुटायला कमी जोराचं) दिलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर मॅन्युअलवर पहिला गिअर जड जातो आणि चढावर क्लच जळतो.

ऑटोमॅटिक उतरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कन्व्हर्टर ज्या पातळ फ्लेक्सप्लेटला (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या चकतीला) जोडलेला असतो तिचे बोल्ट आधी सोडवा, म्हणजे तो गिअरबॉक्सबरोबरच बाहेर येईल. सुटा झाला की तो पुढे सरकतो आणि आतलं तेल अंगावर ओततो. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर, सपाट पक्क्या जमिनीवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या काढून तिथे टोप्या बसवा, पाण्याशी त्यांचा संबंध नसतो.

मग क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, टोक नीट बघा. बऱ्याच गाड्यांत मॅन्युअलच्या इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून इंजिनाकडे आलेल्या दांड्याचं) नाक तिथल्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये ते बेअरिंग बसवलेलं नसतं, काहींत तर भोकही नेमक्या मापाचं केलेलं नसतं. हे गिअरबॉक्स चढवल्यावर कळलं तर सगळं पुन्हा खाली! फ्लायव्हीलचे आणि फ्लेक्सप्लेटचे बोल्ट सारखेच दिसले तरी लांबी वेगळी असू शकते, तेव्हा ते फ्लायव्हीलचेच हवेत. इंजिनाचा तोल बाहेरच्या वजनाने साधलेला असेल तर फ्लायव्हीलही त्याच इंजिनाचं लागतं, नाहीतर थरथर काही केल्या जात नाही.

मला सगळ्यात जास्त आवडला तो गिअरबॉक्स इंजिनाला भिडवण्याचा भाग. क्लच प्लेट मध्यभागी धरणारा प्लास्टिकचा दांडा घालून ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळायची, बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे. मग दांडा काढून गिअरबॉक्स पुढे सरकवायचा. तो सरकत सरकत येतो आणि बोटभर फट उरली की हटून बसतो. इथे हात शिवशिवतात: बोल्ट लावून ओढून घेऊ या का? अजिबात नाही. असं ओढलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो, नाहीतर बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचा) कान तुटतो. चौथा गिअर टाकायचा, मागचा शाफ्ट हाताने किंचित फिरवायचा आणि इंजिन व गिअरबॉक्स एका रेषेत आहेत का ते फटीवरून बघायचं. वर जास्त, खाली कमी दिसली तर जॅक केसभर हलवायचा. दाते जुळले की जोर न लावता ‘ठक्’ करून तो आपणहून बसतो.

पेडलांसाठी डॅशबोर्डखाली उलटं झोपावं लागतं. क्लचच्या मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की लाइनमध्ये तेल ढकलणाऱ्या नळकांड्याची) जागा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, बऱ्याचदा कंपनीनेच राखलेली असते, कुठे रबरी बूच लावून, कुठे पत्र्यावर नुसती खूण करून. ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद लावायचं, म्हणून पेडलांची चौकटच बदलावी हे बरं. लाइनमधली हवा काढायला दुसरं माणूस हवं. आमच्याकडे मुलगी बसली होती. ‘दाब... धर... सोड’ हे इतक्या वेळा झालं की जेवायला हाक मारली तरी ती ‘धरलंय’ म्हणायची.

वायरिंगमध्ये माणसं शॉर्टकट मारतात. ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टरचा करंट पी (पार्किंग) आणि एन (न्यूट्रल) ओळखणाऱ्या स्विचमधून जातो. तो स्विच गिअरबॉक्सबरोबर गेला की किल्ली फिरवूनही ढिम्म काही होत नाही. त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की गाडी सुरू होते, पण गिअरमध्ये असतानाही होते आणि समोरच्या भिंतीवर जाते. त्या वायरी क्लच पेडलवरच्या स्विचमधून न्या. मागच्या पांढऱ्या, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच नव्या गिअरबॉक्सवर असतो, तिथपर्यंत वायर ओढा. काही गाड्यांत पी नसेल तर किल्लीच बाहेर येत नाही. तो अटकाव वेगळा सोडवावा लागतो.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स सांभाळणारा कॉम्प्युटर इंजिनाच्या कॉम्प्युटरपासून वेगळा आणि साधा, म्हणून निभावलं. नव्या गाड्यांत ते दोघे सतत एकमेकांशी बोलत असतात. एकाकडून उत्तर आलं नाही की दुसरा दिवा पेटवतो आणि इंजिनाची ताकद आवळतो. मॅन्युअलचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणला तर किल्लीचा इमोबिलायझरही (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) त्याच्याबरोबरचाच लागतो. तुमची गाडी अशी असेल, किंवा तिचं मॅन्युअल रूप कधी निघालंच नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे: ती विकून मॅन्युअल घ्या. ड्युअल क्लचवाल्यांनी (दोन क्लच आपोआप चालवणारा गिअरबॉक्स असलेल्यांनी) तर ‘आत क्लच आहेतच की’ म्हणून हुरळून जाऊ नये, त्यात पेडलाला जागाच नाही.

मायलेज वाढतं का, हेही हमखास विचारतात. जुन्या, लॉकअप (कन्व्हर्टर घसरू न देता जखडणारी सोय) नसलेल्या ऑटोमॅटिकच्या तुलनेत वाढू शकतं, कारण कन्व्हर्टरमधली घसरण वाचते. आजच्या आठ गिअरवाल्यांशी मात्र ती बरोबरी करायला जाऊ नका.

तेल भरताना डब्यावरचं नाव वाचा, अंदाजाने ओतू नका. काही मॅन्युअल गिअरबॉक्सना चक्क ऑटोमॅटिकचंच तेल लागतं. विमा कंपनीला आणि नोंदणी करणाऱ्यांना बदल कळवा. आणि पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी हँडब्रेक तपासा. ऑटोमॅटिकवाले वर्षानुवर्षं नुसत्या पी वर गाडी सोडतात, त्यामुळे केबल गंजून बसलेली असते. आता पी नाही. चढावर उभं करायचं तर हँडब्रेक ओढायचा, आणि वर पहिला गिअर टाकून ठेवायचा.