आजोबांच्या पावसाच्या वह्या, आर आणि एनए : तिसरा हप्ता

मागच्या वेळी इतकंच झालं होतं की आजोबांच्या ११ वह्या (२००८ ते २०१८, फक्त जून ते सप्टेंबर) टाइप करून एका सीएसव्हीत (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) कोंबल्या. दरवर्षीचे १२२ दिवस, म्हणजे १३४२ ओळी यायला हव्या होत्या, आल्या ११३०. म्हणलं असू दे, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) बघून घेईल. आर काही बघून घेत नाही, सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: सहकारनगरच्या घराच्या गच्चीवर १६ सेंमी व्यासाचं नरसाळं आणि खाली एक लिटरची काचेची बाटली, असा आजोबांचा घरगुती पर्जन्यमापक होता. रोज सकाळी अंघोळीआधी वर जायचं, पाणी मोजपात्रात ओतायचं, खाली येऊन वहीत लिहायचं. २०.१ मिली म्हणजे १ मिमी, हा हिशोब वहीच्या पुठ्ठ्यावर आतून पेनाने गिरवून ठेवलाय.

तर पहिला घोळ माझाच. पावसाच्या रकान्यात नुसते आकडे नाहीयेत, पाऊस नसेल त्या दिवशी आजोबा शून्य लिहीतच नाहीत, 'उघडीप' लिहितात, थेंबभर पडला तर 'भुरभुर', आणि मी शहाण्यासारखं ते जसंच्या तसं टाइप केलेलं. त्यामुळे आरने आख्खा रकाना कॅरेक्टर (म्हणजे मजकूर) धरला, मी त्याला आकडे करणारं एज-डॉट-न्यूमेरिक लावलं, खाली ती 'एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन'वाली वॉर्निंग आली (आकडा होईना तिथे एनए, म्हणजे 'माहिती नाही', टाकलंय) आणि आपण सगळे करतो तेच केलं, पुढे गेलो. मग एनए-आरएम ट्रू टाकून (म्हणजे एनए वगळून) जुलैची रोजची सरासरी काढली तर १३ मिमीच्या वर! पुण्यात? महाबळेश्वर झालं का काय सहकारनगरचं? झालं असं की सगळ्या उघडिपी एनए झाल्या आणि सरासरी फक्त पाऊस पडलेल्या दिवसांची निघाली. उघडीप म्हणजे मोजलंय आणि शून्य आलंय, न मोजलेलं नाही. आता आकडा करायच्या आधीच केस-व्हेनने (अट बघून मूल्य बदलणारं फंक्शन) उघडीप शून्य आणि भुरभुर ०.१ केलं (०.१ का? काहीतरी धरायला लागतंच, आणि वेधशाळेच्या हिशोबात पावसाचा दिवस २.५ मिमीपासून पुढे मोजतात त्यामुळे तिथे फरक पडत नाही). सरासरी ७ च्या खाली आली. जिवात जीव आला.

मग त्या न आलेल्या २१२ ओळी. हे एनएसुद्धा नाहीत, ओळच नाही, म्हणून एनए शोधणाऱ्या इज-डॉट-एनएला विचारलं तर तो म्हणणार सगळं आलबेल. टायडी-आर पॅकेजमधलं कम्प्लीट वापरून प्रत्येक वर्षाच्या सगळ्या तारखा उभ्या केल्या तेव्हा कुठे भोकं दिसायला लागली. आणि लगेच दुसरा घोळ: आठवड्याची बेरीज. बेरजेला एनए-आरएम लावलं आणि आठवड्यातले सातही दिवस एनए असले तर आर उत्तर देतो शून्य. एनए नाही, शून्य! (सरासरी काढली असती तर निदान नॅन ('हा आकडाच नाही') आलं असतं आणि मॅक्सने वजा इन्फिनिटी देऊन आरडाओरडा तरी केला असता, बेरीज मात्र गपचूप शून्य देऊन मोकळी.) चार्ट काढला तर दरवर्षी ऐन पावसाळ्यात दोन आठवडे ठणठणीत कोरडे, आणि ते दोन आठवडे दरवर्षी जागा बदलतात. २०१७ ला जूनच्या शेवटी, २०१५ ला जुलैच्या उत्तरार्धात. मी तासभर तारखांचा फॉरमॅट चुकला म्हणून डोकं आपटत बसलो होतो.

आजीला दाखवलं. तिने चष्मा वर केला, स्क्रीन बघितला आणि म्हणाली, "अरे वारीला जायचे ना ते."

बस. पालखी पुण्यातून निघाली की आजोबा निघायचे ते एकादशी करूनच परत. २०१५ ला अधिक आषाढ होता म्हणून आषाढी २७ जुलैला, २०१७ ला ४ जुलैलाच. भोकं इंग्रजी तारखेने नाही, तिथीने सरकतायत. संख्याशास्त्रज्ञ रुबिनने १९७६ च्या पेपरात मिसिंगचे जे प्रकार मांडले त्यातला मिसिंग ॲट रँडम इतका स्वच्छ मला कुठल्याच ट्युटोरियलमध्ये भेटला नव्हता: नोंद का नाही ते पंचांगावरून कळतं, त्या दिवशी पाऊस किती पडला याच्याशी संबंध नाही. पण म्हणून त्या ओळी सरळ ड्रॉप करून चालत नाही, कारण उडतात ते सगळे जून-जुलैचे दिवस आणि हंगामाचा आकार बिघडतो.

२१२ पैकी वारीचे १८७ सोडून उरलेल्या २५ पैकी १६ दिवस आजारपण, लग्नं वगैरे, त्यांचं काही नाही. राहिलेल्या ९ दिवसांसमोर मी वेगळा कागद चिकटवलाय, कारण तिथे वहीत लिहिलंय 'बाटली भरून वाहिली' आणि मी टाइप करताना आकडा नाही म्हणून ओळच गाळली होती. हे खरं तर मिसिंगच नाही. एक लिटर भागिले २०.१ म्हणजे जवळपास ५० मिमी, तर त्या दिवशी किमान ५० पडलाय हे आपल्याला पक्कं माहितीये, वरचा आकडा तेवढा माहीत नाही. आधी मी यांनापण एनए करून माइसच्या (गहाळ आकडे अंदाजाने भरणारं पॅकेज) हवाली केलं तर त्याने एका दिवसाला ८ मिमी दिले. बाटली वाहून गेली आणि हा म्हणतो ८! सगळ्यात जास्त पावसाचेच दिवस गायब असतील तर कुठलंही पॅकेज बिचारं कमीच सांगणार. आता त्यांना ५० टाकून शेजारी 'किमान' असा वेगळा रकाना केलाय, नीट सेन्सर्ड (फक्त किमान मर्यादा माहीत असलेला आकडा) म्हणून हाताळणं पुढच्या हप्त्यात.

वारीचे दिवस भरायला काय काय केलं ते पटकन. झू पॅकेजचं एनए-अप्रॉक्स, दोन टोकांमध्ये सरळ रेष ओढणारं: एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला ३० असेल तर मधले पंधरा दिवस जिना चढावा तसा पाऊस, म्हणजे पावसाचे दिवस भरमसाट वाढले. तापमानाला चालेल, पावसाला नाही. कालचा आकडा पुढे ओढणारं एनए-एलओसीएफ तर विचारूच नका. सरासरीने भरलं की रोज ७ मिमी, असा पाऊस पुण्यात कधी कोणी बघितलाय?

शेवटी माइस, पीएमएम (प्रेडिक्टिव्ह मीन मॅचिंग) मेथड. याचं मला आवडलं ते म्हणजे हा आकडा बनवत नाही, जवळपासच्या अंदाजाचे पाच खरे दिवस शोधतो आणि त्यातल्या एकाचा खरा आकडा उचलतो, त्यामुळे उणे पाऊस येत नाही आणि उघडीप उघडीपच राहते. आधार म्हणून शिवाजीनगर वेधशाळेचा रोजचा आकडा आणि धायरीच्या मित्राची नोंद दिली. शिवाजीनगरशी सुरुवातीला काही जुळेचना, मग लक्षात आलं की वेधशाळा सकाळी ८:३० ला मोजून त्याच दिवसाची तारीख घालते आणि आजोबा मात्र पाणी आदल्या दिवसाच्या नावावर लिहायचे. एक दिवस सरकवल्यावर बरंच जुळलं. बरंच म्हणजे किती, तर कात्रजला धो धो आणि डेक्कनला ऊन हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तेवढंच. सरकवताना ग्रुप-बाय वर्ष (प्रत्येक वर्षाचा वेगळा गट) करायला विसरू नका, नाहीतर १ जूनचा पाऊस आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला जाऊन बसतो.

माइस डीफॉल्टने पाच वेगवेगळे भरलेले टेबल देतो. मी आधी त्यातला एकच 'छान दिसणारा' उचलणार होतो, पण मग पाच केलेत कशाला. २०१५ च्या एका दिवसाला पाच उत्तरं अशी: ०, ४.२, ११, ०, १८. ही अनिश्चितता पूलने (पाचही टेबलांची उत्तरं एकत्र करणारं फंक्शन) शेवटच्या आकड्यापर्यंत नेतोय.

आणि परवा आजीने बाँब टाकला. आजोबा वारीला गेले की ती वर जायची! वहीला हात लावायची नाही, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायची. जुनी कालनिर्णयं डब्यांच्या फळ्यांवर अंथरलेली आहेत. लोणच्याच्या बरणीखालून जुलै २०१५ निघालं, तेलाचा गोल डाग, आणि त्या पाच उत्तरांच्या दिवसावर लिहिलंय 'सव्वादोन कप'.

कप. मोजपात्र आजोबा कपाटात कुलपात ठेवून जायचे.

तो कप कधीच फुटला. पण आजोबा परत आल्यावरही एकदोन दिवस ती सवयीने लिहीत राहिलीये, तेवढे दिवस दोन्हीकडे नोंद आहे. एका दिवशी वहीत १२.४ मिमी आणि कालनिर्णयवर दोन कप, म्हणजे कप साधारण १२५ मिलीचा, आणि दुसऱ्या दिवशी ७ मिमीला एक कप, म्हणजे १४० चा. सव्वादोन कप मग १४ ते पावणेसोळा मिमीच्या मध्ये कुठेतरी. दोन दिवसांवर कप ठरवायला धजत नाहीये, शनिवारी बाकीच्या फळ्या उपसणार आहे, आजीने अट घातलीये की डबे पुसून परत लावायचे.