मिरजेला मी चुकीच्या आठवड्यात गेले

तंबोरा घेऊन रेल्वेने प्रवास केला की डब्यातली माणसं ओळख नसताना बोलायला लागतात. "सतार का?" हा पहिला प्रश्न. "नाही, तंबोरा" म्हटलं की "म्हणजे तेच ना?" हा दुसरा. रात्री दिवा बंद होईपर्यंत मी तीनदा तंबोऱ्याला पडदे नसतात हे समजावलं आणि मग तंबोरा आतल्या बाजूला, मी बाहेरच्या बाजूला, अशी अर्ध्या बर्थवर आडवी झाले. पहाटे मिरज जंक्शनला उतरले तेव्हा त्याची झोप माझ्यापेक्षा चांगली झाली होती.

वर्षभर त्याचा आवाज बद्द येत होता. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा नुसत्या टणटण करायच्या, मागे ती गुणगुण उरत नव्हती. गुरुजी म्हणाले, जवारी उतरलीय, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची घासणी बिघडलीय, मिरजेला ने. मी म्हटलं नेतेच, आणि नवरात्रात नेते. तिथल्या अंबाबाईच्या देवळात नवरात्रभर गाणं असतं हे ऐकून होते. एका मैत्रिणीने कधीतरी पाठवलेला तिथल्या फलकाचा फोटो फोनमध्ये होता. त्यावरच्या तारखा बघून तिकीट काढलं.

फोटो आदल्या वर्षीचा होता. आणि ते आदलं वर्ष अधिक महिन्याचं होतं, म्हणजे नवरात्र चांगलंच उशिरा आलेलं. यंदा ते अकरा-बारा दिवस अलीकडे सरकलं होतं. मी देवळात पोचले ती कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. मांडवाचे बांबू उतरवून भिंतीला टेकवलेले. फळ्यावर खडूने लिहिलेली गायकांची नावं कुणीतरी कोरड्या फडक्याने पुसली होती, त्यामुळे वाचता येत नव्हती आणि गेलीही नव्हती. झेंडूची सुकलेली फुलं गोळा करणाऱ्या बाईंनी तंबोऱ्याच्या गवसणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं की सगळं. आता पुढल्या साली."

सतारमेकर गल्ली नावाची गल्ली जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पाटी वाचायच्या आधीच वर बघितलं की कळतं, कारण छताला भोपळे टांगलेले असतात. हे खायचे भोपळे नव्हेत. कडू, जाड सालीचे, बहुतेक पंढरपूरच्या बाजूचे, भीमेकाठच्या रानातले. वाळून टणक झाले की त्यांचा आकार बघून ठरतं, याची सतार होणार की तंबोरा, बाईच्या आवाजाचा की पुरुषाच्या. सगळी लाकूडकारागिरी त्या भोपळ्याच्या मर्जीने चालते. दांडी, तबली, घोडी माणसाला हवी तशी करता येते, पण भोपळा वेलीवर जसा वाढला तसाच घ्यावा लागतो.

या घरांचं मूळ आडनाव शिकलगार. शस्त्रांना धार लावणारी, तलवारी उजळणारी माणसं. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने वाद्यांकडे मोर्चा वळवला. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या हेच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी ज्या दुकानात गेले तिथल्या चाचांपुढे मोठ्या उत्साहाने तो विषय काढला. ते कानस पुसत म्हणाले, "व्हय, मिळालं. चांगलं झालं. तुमची घोडी दाखवा."

मी घोडी दाखवली. त्यांनी तार बाजूला सारून तिच्यावर नुसतं बोट फिरवलं.

"ताई, हिला चर पडल्यात. आज न्हाई व्हायचं."

"संध्याकाळपर्यंत?"

"काय गडबड हाय? परवा या."

ही गडबड का चालत नाही, ते दहा मिनिटं शेजारी बसल्यावर कळलं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अगदी हलका उतार असतो आणि तार त्या उतारावर हलकेच घासत थरथरते. त्या घासण्यातून वरचे स्वर सुटतात. खर्ज वाजवला की आतून गंधार ऐकू येतो म्हणतात तो तिथून. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी पकडायची असते. उतार केसभर कमी-जास्त झाला तर आवाज चिरका होतो, नाहीतर बद्द. त्यामुळे कानस एकदा ओढायची, तार लावायची, छेडायची, ऐकायची. पुन्हा तार उतरवायची. एका तारेसाठी हे किती वेळा केलं ते मी मोजत होते, मग सोडून दिलं. घोडी तापली की थांबायचं, दुसरं वाद्य हातात घ्यायचं. आणि रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट असताना शेवटचा हात मारायचाच नाही, तो रात्री. मोबाइलमधला तंबोरा मीही रोज वापरते, त्यामुळे इथे फार बोलायची सोय नव्हती.

असे दोन दिवस मोकळे मिळाले, आणि तेही अशा गावात जिथे सगळं नुकतंच होऊन गेलं होतं किंवा अजून व्हायचं होतं.

दुपारी दर्ग्यात गेले. ख्वाजा मीरासाहेबांचा हा दर्गा म्हणजे गाण्यातल्या माणसांची जुनी हजेरी द्यायची जागा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, उरुसात इथे गायले, आणि १९३७ साली २७ ऑक्टोबरला दक्षिणेत प्रवासात असताना गेले तरी त्यांना आणलं इथेच. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. आवारात चिंचेचं झाड आहे आणि उरुसातली संगीतसभा त्या झाडाखाली भरते, खाँसाहेबांच्या स्मरणार्थ, रात्र रात्र. मी गेले तेव्हा झाडाखाली दोन म्हातारे पेपर वाचत होते आणि एक पोरगं चिंचा पाडायच्या बेतात होतं. त्या पारावर बसून मी मनातल्या मनात षड्ज लावला. मोठ्याने लावायचं धाडस झालं नाही.

"उरूस कधी?" मी पेपरवाल्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी तारीख सांगितली नाही. चंद्र सांगितला, महिना सांगितला आणि वर म्हणाले, "थंडीत या. पण आणखी काही सालांनी आलात तर दिवाळीच्या आसपास यावं लागेल."

तिथे बसल्या बसल्या माझी फोटोची चूक नीट उलगडली. अंबाबाईचं नवरात्र आणि मीरासाहेबांचा उरूस, दोन्ही चंद्रावर चालतात. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकराने कमी. पंचांग हे देणं साठवत जातं आणि साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून फेडून टाकतं, म्हणून नवरात्र मागे-पुढे झालं तरी शरद ऋतू सोडत नाही. हिजरी सालात ती फेड नाही. उरूस दरवर्षी अकरा दिवसांनी अलीकडे येत येत उन्हाळा, हिवाळा, पाऊस सगळं हिंडून येतो. मिरजेतल्या माणसांना हे तोंडपाठ आहे. मंडपवाल्याला तर असणारच.

उरुसाचा पहिला मान चर्मकार समाजाच्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर घालायच्या चादरीचा असतो. हे मला आजोबांनीच सांगितलं, आणि इतक्या सहजपणे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसावं.

मिरजेत गाणं एवढं का रुजलं याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देतो. मला डॉक्टरांकडे बोट दाखवणारं उत्तर आवडतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचाराला इथे आला. डोळे पुरते सुधारले नाहीत, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो गाणं शिकला. तो म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुस्करांचा जन्म १८७२ चा आणि अब्दुल करीम खाँचाही. एक इथून शिकून बाहेर गेला, दुसरा बाहेरून येऊन इथला झाला. हिराबाई बडोदेकर तर जन्मल्याच मिरजेत, १९०५ साली. त्याच साली नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन मिरजेत उभा राहिला. गावातल्या नाट्यमंदिराला आज त्याचं, म्हणजे बालगंधर्वांचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले. मिरज आणि सांगली ही १९९८ पासून कुपवाडसकट एकच महानगरपालिका, अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण मिरजेच्या माणसाला "तुम्ही सांगलीचे का?" असं विचारून बघा. स्वभावही वेगळे. मिरज गाण्याची, सांगली नाटकाची. मिरजेचे कार्यक्रम चंद्राकडे बघतात आणि सांगलीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम चक्क इंग्रजी तारखेला असतो, ५ नोव्हेंबरला.

१८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना त्यांचे खेळ आवडले आणि असं काही मराठीत व्हावं असं वाटलं. त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना कामाला लावलं आणि पुढच्याच वर्षी 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी इथे एका ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक देतात. नाटकातल्या माणसांना विचारा, इतर कितीही पुरस्कार मिळालेले असोत, सांगलीचं पदक म्हटलं की आवाज बदलतो. भावे बाहुल्याही करायचे. लाकडाच्या, चांगल्या हलत्या-बोलत्या. पुढे रामदास पाध्यांनी त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या.

भावे नाट्यमंदिराचं दार बंद होतं. आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, त्याचा आवाज येत होता. पंधरा-वीस दिवसांवर आलेल्या कार्यक्रमाची जाहिरात कुठेच दिसेना. शेवटी शेजारी भडंग घेताना विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "पाच तारीख ठरल्याली असतीया, तिला जाहिरात कशाला?" खरंच. हे गाव असंच आहे. इथल्या गणपती मंदिरात 'चोर गणपती' बसतो, भाद्रपद प्रतिपदेला, चतुर्थीच्या आधी, वाजंत्री नाही, गुलाल नाही, पाहुणा गुपचूप घरात यावा तसा. अशा गावात बाहेरच्या माणसाने कार्यक्रम शोधायचे म्हणजे फोनचा उपयोग नाही, भडंग घ्यावं लागतं.

उरलेली दुपार हरिपूरला घालवली. रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. कृष्णेला वारणा मिळते तिथे संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी मी, एक गुरव आणि भरपूर वारा. गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. १८९९ साली रंगमंचावर आलेलं 'शारदा' त्यांनी इथल्या पारावर बसून लिहिलं असं गावात सांगतात. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट इतकी घराघरांत पोचली की तीस वर्षांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला तेव्हा तो (हरबिलास सारडांच्या नावाचा) सारडा कायदा की शारदा कायदा, असा घोळ लोकांनी मजेत घातला. मी पारावर बसून भडंग संपवलं. दुसरं काही सुचलं नाही.

परतताना गुरवांनी हळदीच्या पेवांची जागा दाखवली. हरिपूरच्या जमिनीत खोल खड्डे खणून हळद वर्षानुवर्षं साठवायचे, आतलं वातावरण असं की कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. वारशाच्या यादीत आपण देवळं धरतो, वाडे धरतो. जमिनीतला रिकामा खड्डा कुठे धरायचा?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला. बोलले काहीच नाहीत. मी पंचम छेडला, मग जोड, मग खर्ज, आणि हात थांबवला तरी आवाज थांबेना. दुकानात बसलेला एक मुलगा भोपळा घासायचं थांबला. चाचांनी मान वळवून कान दिला, दोन नंबरच्या तारेखालचा दोरा नखाने कणभर मागे सरकवला आणि म्हणाले, "आता बघा." आता वेगळंच होतं.

"उरुसाला येते," मी म्हटलं. "तारीख?"

"क्यालेंडर बघू नका. फोन करा. आणि तंबोरा आणा, इथं येऊन रिकाम्या हातानं काय बसायचं?"

स्टेशनकडे जाताना वाट वाकडी करून देवळावरून गेले. फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला होता, अजून ओलाच होता. वर खडूने ठळक 'दिवाळी पहाट' एवढं लिहून झालं होतं. खाली 'वेळ' लिहून पुढे रेघ मारलेली. लिहिणारा मुलगा स्टुलावर उभा राहून कुणाला तरी फोनवर विचारत होता, "साडेपाच लिहू का पाच? गवई किती वाजता उठतेत?"