अथेन्स ते रोम : उभ्या पुतळ्यांच्या मागावर

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात बहुतेक प्रवासी आधी मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीच्या सोन्याकडे धाव घेतात. मी मात्र थेट शिल्पदालनांत गेलो, कारण ग्रीक कलेचा सारा प्रवास तिथे पुतळ्यांच्या पायांवरून वाचता येतो. सुरुवातीलाच सौनियनचा कूरोस, म्हणजे नग्न उभ्या तरुणाचा पुतळा, भेटतो. इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा, नॅक्सॉस बेटाच्या संगमरवरातला हा तरुण तीन मीटरहून उंच आहे. डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, हा सगळा थाट इजिप्तकडून घेतलेला. पण दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या असल्यामुळे पाऊल पुढे पडूनही तो चालत नाही. कान तर शंखाच्या वळशासारखे, निव्वळ नक्षी. पुढे इ.स.पू. ५३० च्या आसपासच्या क्रोइसोस नावाच्या कूरोसच्या मांड्या आणि गाल भरू लागतात, ओठांवर हसू येते, तरी उभे राहण्याची रीत तीच राहते.

ती रीत मोडली कशी, हे मला आर्टेमिसियनजवळ समुद्रात सापडलेल्या कांस्यपुतळ्यापाशी नीट उमगले. इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा हा देव डावा हात पूर्ण पसरून, उजव्या पायाची टाच उचलून नेम धरतो आहे. हातातले शस्त्र हरवल्यामुळे तो वज्र फेकणारा देवराज झ्यूस की त्रिशूळ पेलणारा समुद्रदेव पोसायडन, हा वाद अजून मिटलेला नाही. (पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आपल्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या उत्खननातही मिळाली आहे.) मेण वितळवून आत पोकळ ओतलेल्या कांस्यामुळेच हे हात असे मोकळे सुटू शकले, संगमरवरात ते स्वतःच्याच भाराने तुटले असते.

रोमन लोकांना ही शिल्पे हवी होती, पण त्यांनी नकला करवून घेतल्या त्या बहुधा संगमरवरात. नेपल्सच्या संग्रहालयात ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटसच्या भालाधारी तरुणाची पाँपेईत सापडलेली प्रत पाहताना उजव्या पायामागचा झाडाचा बुंधा आणि मनगटाला मांडीशी जोडणारा दगडाचा तुकडा डोळ्यांना खुपतो खरा, पण मूळ कांस्य कधीच नाहीसे झाल्याने हा टेकूवाला तरुणच आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

रोममध्ये पालाझ्झो मासिमो संग्रहालयात क्विरिनाल टेकडीवर १८८५ साली सापडलेला बसलेला मुष्टियोद्धा आहे. अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या ग्रीक धाटणीचे हे काम, आणि माझ्या मते दोन्ही शहरांतले सर्वांत थोर. नाक मोडलेले, कान सुजलेले, हातांना चामड्याच्या पट्ट्या; चेहऱ्यावरच्या जखमा आणि मांडीवर ओघळलेले रक्त दाखवायला कारागिराने कांस्यात लाल तांबे जडवले आहे. त्याच संग्रहालयात पुरोहिताच्या वेशातला रोमन सम्राट ऑगस्टस उभा आहे. त्याचे डोके वेगळ्या संगमरवरात कोरून धडावर बसवलेले आहे. काम अप्रतिम, पण पदराच्या चुण्या पाहून झाल्यावर मी पुन्हा त्या मुष्टियोद्ध्याकडेच गेलो.