तीन पुंकेसरांचे रानफूल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी केशराच्या रानटी पूर्वजाच्या, क्रोकस कार्टराइटियानसच्या, एकाच फुलाविषयी लिहिणार आहे, कारण ते ओळखण्याची रीत मला इथल्या जीवशास्त्राच्या तासांना मिळाली. श्रावण-भाद्रपदात बाई आम्हांला पन्हाळ्याच्या वाटेवर नेत आणि कुंपणावर चढलेल्या कळलावीच्या फुलाला हात न लावता त्याचे पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे तंतू, मोजायला लावत. रंगाला भुलू नका, आधी मोजा, असा त्यांचा आग्रह असे. कळलावीचे पुंकेसर सहा भरत.

पुढे नोकरीनिमित्त ग्रीसमध्ये असताना पावसाळा संपल्यावर नव्हे, तर तो सुरू होताना, म्हणजे तिथल्या शरदात, अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातील खडकाळ उतारांवर मी क्रोकस कार्टराइटियानस ही रानटी जात पाहिली, तेव्हा ती सवय कामी आली. त्याच दिवसांत तशाच जांभळट फुलांचे कोल्चिकम तिथे उगवते. ते कळलावीच्या कुळातले आणि तिच्यासारखेच कोल्चिसिन या विषारी द्रव्यामुळे घातक आहे. पाकळ्या दोघांनाही सहाच. पण कोल्चिकममध्ये पुंकेसर सहा असतात, क्रोकसमध्ये तीन.

क्रोकसचे फूल जेमतेम वीतभर उंच असते. पाकळ्यांवर गर्द शिरा, मधोमध कुक्षीवृंताच्या, म्हणजे अंडाशयातून वर येणाऱ्या तंतूच्या, तीन लालभडक शाखा आणि गवतासारख्या अरुंद पानांच्या मध्यावर पांढरी रेघ. मला सर्वांत विलक्षण वाटते ती याची अंडाशयाची जागा : जो देठ वाटतो ती पाकळ्या खाली जुळून झालेली लांब नळी असते, अंडाशय जमिनीखाली, तंतुमय आवरणातल्या घनकंदाजवळ (भरीव कंदाजवळ) सुरक्षित राहतो आणि फूल सुकून गेल्यावर पुष्कळ दिवसांनी बियांचे बोंड तेवढे मातीबाहेर येते.

लागवडीचे केशर अ‍ॅटिकातल्या याच जातीपासून निर्माण झाले, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून पुढे आले. रानटी जातीत १६ गुणसूत्रे, म्हणजे आठ-आठांचे दोन संच असतात. केशरात असे तीन संच मिळून २४ होतात आणि या विषम संख्येमुळे त्याला बी धरत नाही. म्हणून काश्मिरात पांपोरच्या शेतांतही ते कंद लावूनच वाढवावे लागते आणि आपण श्रीखंडात घालतो त्या केशराच्या काड्या माणसाने हजारो वर्षे जपलेल्या कंदांच्या वंशातल्या असतात. रानटी क्रोकस मात्र बियांनी पसरतो; त्यामुळे एकाच उतारावर शुभ्रापासून गडद जांभळ्यापर्यंतची फुले शेजारी शेजारी दिसतात, तर केशराच्या शेतात सगळी एकाच रंगाची.