आमच्या कूपर्टिनोचे आकडे

लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आज जनगणनेचे तक्ते उघडले आणि तिच्यापेक्षा मीच त्यात गुंतले.

२००० साली कॅलिफोर्नियातल्या आमच्या या गावात, कूपर्टिनोत, ५०,५४६ माणसं. निम्मी गोरी, ४४ टक्के आशियाई. दहाच वर्षांत आशियाई ६३ टक्के झाले, गोरे ३१ वर आले. २०२० मध्ये लोकसंख्या ६०,३८१. एकेकाळी इथे जर्दाळूच्या आणि प्रूनच्या बागा होत्या. मग कंपन्या आल्या, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आमच्यासारखे आले, चांगल्या शाळांचा बोलबाला झाला आणि घरांचे भाव चढतच गेले.

आता निम्म्याहून जास्त घरांचं वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर आहे. वाचताना आधी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण लेकीने विचारलं, "आई, कृष्णवर्णीय मुलं आपल्याकडे इतकी कमी का?" २०१० च्या तक्त्यात त्यांचं प्रमाण १ टक्कासुद्धा नव्हतं. सांता क्लारा काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, चौघांमागे साधारण एक जण लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचा), आमच्या गावात मात्र शंभरात चारही नव्हते. तिला शिकवणाऱ्या बाई रोज लांबून गाडी चालवत येतात. तरुण कुटुंबांना घर परवडत नाही, पटसंख्या घटली, प्राथमिक शाळा बंद झाल्या.

२०३१ पर्यंत ४,५८८ नव्या घरांसाठी जागा ठरवायचं बंधन राज्याने शहरावर घातलंय. ही घरं होऊ नयेत म्हणून शहराच्या सभांना जाणाऱ्यांत आपलीही माणसं असतात, याचं फार वाईट वाटतं. आपल्याला इथे जागा मिळाली ना? पुढच्या सभेला मी घरांच्या बाजूने बोलणार आहे. इथल्या मराठी मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही या.